बोलकी बंडी

हेमलताच्या पाठीवर उमटलेलं पहिलं वाक्य तिच्यासाठी नव्हतंच. ते दुधासाठी होतं.

"गेलं मेलं उतू!"

सासूबाई स्वयंपाकघरात ओरडल्या आणि इकडे सोप्यात बसलेल्या हेमलताच्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, मुंग्यांची रांग सरसरत गेल्यासारखं झालं. गेले काही महिने त्या नुसत्याच मुंग्या होत्या. आज त्यांचे एकदम शब्द झाले. ती बसल्या जागी ताठ झाली आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आत्याबाई, आधी शेगडी बंद करा!"

आत्याबाईंच्या हातातली सांडशी खाली पडली. तेही हेमलताला पाठीनंच कळलं.

बारा वर्षांनी सुनेनं सासूचं बोलणं ऐकलं आणि ऐकल्या ऐकल्या तिला हुकूम सोडला, हे जालिंदर, म्हणजे हेमलताचा नवरा, पुढं आठवडाभर गावात सांगत हिंडत होता. आत्याबाईंना मात्र त्या दिवशी देवापुढं दिवा लावताना रडू आवरेना.

आता ही काय भानगड, ते सांगायला हवं. हेमलताला अशर सिंड्रोम होता. नाव साहेबी, पण दुखणं थेट आईबापांकडून आलेलं. आपल्याला प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईची, एक वडिलांची. एक बिघडलेली असली तरी दुसरीवर भागतं. हेमलताच्या वाट्याला एका जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्याच आल्या. त्या जनुकावरून शरीर जे प्रथिन बनवतं, ते कानाच्या आतल्या बारीक केसांच्या पेशींना लागतं आणि डोळ्याच्या पडद्यालाही लागतं. म्हणून एकाच चुकीनं कान आणि डोळे, दोन्ही जातात. हा आजार लाखात मोजक्याच जणांना होतो. हेमलताला त्यातलाही तिसरा प्रकार होता. त्यात माणूस जन्मतः धडधाकट असतं, सगळं ऐकतं, सगळं बघतं आणि मग हळूहळू दोन्ही दारं लोटली जातात.

शाळेत असताना तिला दिवेलागणीला ठेचा लागायच्या. घरच्यांनी वेंधळी म्हणून नाव ठेवलं. लग्न होऊन तासगावजवळच्या या गावात आली, तेव्हा समोरचं दिसायचं, कडेचं दिसायचं नाही. लेक ईश्वरी शाळेत जायला लागेपर्यंत किल्लीच्या भोकातून दिसावं एवढंच जग उरलं आणि ऐकू येणं तर त्याच्याही आधी संपलं. कानात बसवायचं यंत्र करून पाहिलं, पण तिची नसच दाद देईना. आता लहान पोरांना वेळेत जनुकाचं इंजेक्शन मिळतं आणि त्यांचे कान-डोळे वाचतात. हेमलताच्या पेशी मात्र कधीच मेल्या होत्या. पेरणीची वेळ टळून गेल्यावर बियाणं चांगलं आलं, तर त्याचा काय उपयोग?

पण म्हणून हेमलता खंतावून बसली होती असं कुणी समजू नये. तिचा संसार मजेत चालला होता. जालिंदर तिच्या तळहातावर बोटानं अक्षरं काढायचा आणि ती भराभर वाचायची. घरातल्या प्रत्येकाची एकेक खूण ठरलेली होती. जालिंदर आला की मनगटावर अंगठा टेकवायचा. ईश्वरी मागून येऊन तिच्या खांद्यावर कपाळ ठेवायची. आत्याबाई हनुवटी धरायच्या. धाकट्या दिराला वहिनीला हात लावायचा संकोच, म्हणून तो टॉवेलचं टोक तिच्या हातावर आपटायचा. माशी हाकलल्यासारखं वाटतं, असं हेमलता म्हणायची, पण मनातून तिला ते आवडायचं.

रोज सकाळी साडी नेसून झाली की ती हात पुढं करायची. "अहो, ब्लाउज जुळतंय ना?"

जालिंदर लिहायचा, "हो."

आणि तिचं काम होतं. त्या कामावर तिचा जीव होता. घरची द्राक्षबाग, बागेला लागून बेदाण्याचं शेड. रंग आणि आकार वेगळे करणारी यंत्रं तालुक्यात केव्हाच आली होती, पण जुन्या गिऱ्हाइकांसाठी थोडा माल अजून घरीच हातानं निवडला जायचा. हिरवा वेगळा, पिवळा वेगळा, काळा पडलेला बाजूला, काड्या काढून टाकायच्या. नजर होती तेव्हापासून हेमलता हे काम करायची. नजर गेल्यावरही ती पाटीपुढून उठली नाही. म्हणाली, "हिरव्याची साल पातळ लागते, काळा जरा चिकट असतो. माझ्या बोटांना रंग कळतो."

जालिंदरनं तळहातावर लिहिलं होतं, "भले शाब्बास."

मग काय! पाहुणे आले की हेमलता निवडून दाखवायची. एकदा जिल्ह्याच्या वाहिनीवाले कॅमेरा घेऊन आले. 'बोटांनी रंग पाहणारी' म्हणून तिची बातमी झाली. जालिंदरनं हौसेनं बेदाण्याच्या डब्यांवर तिचा फोटो छापला आणि खाली तेच शब्द. ती बातमी पुण्याच्या एका संशोधन संस्थेतल्या डॉक्टर गौतमी सोनकांबळे यांनी पाहिली आणि त्या बंडी घेऊन दारात हजर झाल्या.

बंडी दिसायला साधी होती, हिवाळ्यात घालतात तशी. आत अस्तराला शेकडो बारीक दाणे होते, थरथरणारे. पुढच्या बटणात माइक. तो आवाज पकडणार, त्यातला बोललेला भाग वेगळा काढणार आणि एकेक ध्वनी पाठीवर ठरलेल्या जागी उमटवणार. स्वर कमरेकडे, व्यंजनं वर खांद्यांकडे. बाकीचे आवाज नुसते पाठभर थरथरणार. कोण डावीकडून बोललं, कोण उजवीकडून, तेही कळणार.

"पाठ ही माणसाची सगळ्यात मोठी कोरी पाटी आहे, हेमाताई," डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि जालिंदरनं ते हातावर लिहिलं होतं. "मेंदू रिकामा बसत नाही. तुमच्या मेंदूतला बघायचा आणि ऐकायचा भाग इतकी वर्षं स्पर्शाचं काम करायला शिकलाय. त्याला फक्त धडे द्यायचे."

धडे सुरू करायच्या आधी डॉक्टरांनी प्रश्न विचारले होते. दुर्मीळ आजारांच्या माणसांचं आयुष्य किती सुखाचं आहे, ते मोजायची ती प्रश्नावली. शून्य ते दहा गुण द्यायचे. एकटं वाटतं का, बाहेर जाता का, भीती वाटते का. आणि एक प्रश्न असा, की आपण घराच्या उपयोगी पडतो असं वाटतं का?

"दहा!" हेमलता इतक्या जोरात म्हणाली होती की शेडवरची कबुतरं उडाली.

तर असं सगळं होऊन बंडी बोलायला लागली आणि घरात दिवाळी झाली. बेंगळुरूला शिकणाऱ्या ईश्वरीशी हेमलता फोनवर बोलली. लेकीनं "आई" म्हटलं आणि तो शब्द पाठीवर खालून वर गेला. हेमलतानं तो पाच-सहा वेळा म्हणायला लावला. जालिंदर बोलताना मध्येच अडखळतो, हे ती विसरूनच गेली होती. तेही आता तिला परत मिळालं. भाजीवाल्याशी तिनं स्वतः घासाघीस केली. शेजारणीनं आपल्या सुनेच्या चहाड्या सांगितल्या, त्या तिनं कान देऊन, म्हणजे पाठ देऊन ऐकल्या आणि रात्री जालिंदरला एकूण एक सांगितल्या. जगात लोक इतकं फालतू बोलतात आणि ते ऐकायला इतकं गोड वाटतं, याची तिची नवलाई संपेना.

रात्री मात्र बंडी खुंटीवर जायची. मग जालिंदर तिचा हात हातात घ्यायचा. भरल्या घरात त्याला मोठ्यानं बोलायला जे कधी जमलं नसतं, ते तो तिथं लिहायचा. काय लिहायचा, ते त्या दोघांपाशीच राहू दे.

घरातले एक गोष्ट विसरले. बारा वर्षं हेमलतासमोर काहीही बोलायची सवय लागलेली. ती समोर बसलेली असताना तिच्याबद्दल बोलायचं, तिला वाढताना तिच्या भाताचा हिशेब करायचा. सवय एका दिवसात जात नाही.

दुपारी जेवण झालं की हेमलता पडायची. तशी त्या दिवशीही पडली, पण झोप येईना. शेडमागच्या खोलीत आपली सकाळची पाटी पॅकिंगला गेली का, ते बघावं म्हणून ती भिंतीला हात लावत निघाली. अंगात बंडी होतीच. बेदाण्याचा गोडूस वास आणि त्यात मिसळलेला गंधकाच्या धुरीचा वास आला, तशी ती दारात थबकली. पाठीवर डावीकडे शब्द उमटायला लागले.

"आज काळा लईच मिसळलाय रं." आत्याबाई होत्या.

"आण इकडं, मी बघतो. हळू बोल."

"झोपलीय ती. रोज अशा दोन-दोन पाट्या परत निवडायच्या म्हंजे डोळं दुखत्यात बाबा."

"आई, तू नको बसू मग. मी करतो."

"मी कुठं म्हटलं बसत न्हाई म्हणून?"

हेमलता दारातच उभी राहिली. तिला आधी वाटलं, बंडीच चुकली. मग आत खळखळ झाली. बेदाणे एका ताटातून दुसऱ्या ताटात पडत होते. तिनं सकाळी निवडलेली पाटी पुन्हा निवडली जात होती. तिला वाहिनीवाले आठवले, डब्यावरचा फोटो आठवला, पाहुण्यांसमोरचं आपलं मिरवणं आठवलं आणि लाजेनं कान गरम झाले. सगळ्या गावाला माहीत असणार. एकटी आपणच येडी.

ती आवाज न करता परतली, बंडी काढली आणि खुंटीला टांगली.

संध्याकाळी जालिंदरनं मनगटावर अंगठा टेकवला. हेमलतानं हात पुढं केला, पण मूठ मिटलेली. त्यानं मूठ उघडायचा प्रयत्न केला. ती उघडेना. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. त्यानं मुठीच्या पाठीवरच लिहिलं, "काय झालं?"

"काळा लई मिसळलाय," हेमलता म्हणाली.

जालिंदरनं हात काढून घेतला. मग तो उठून बाहेर गेला.

त्या दिवसापासून तिनं बंडी घातली नाही आणि पाटीपुढंही बसली नाही. आधीचं आयुष्य बरं होतं, असं तिला वाटायला लागलं. आधी निदान आपण कामाच्या आहोत, एवढं तरी होतं. बंडीनं शेजारणीच्या चहाड्या दिल्या आणि ते मोठं सुख काढून नेलं. तिनं मनाशी ठरवून टाकलं, डॉक्टरबाई आली की बंडी परत करायची. जे ऐकू येत नव्हतं, ते ऐकू न आलेलंच बरं.

डॉक्टर गौतमी आल्या त्या पुन्हा तेच प्रश्न घेऊन. बंडी खुंटीला बघून त्यांचा चेहरा उतरला. हेमलतानं मोठ्यानं सांगितलं, "घेऊन जा, मॅडम. चांगली आहे, पण मला नको."

"का, ते विचारा ना," डॉक्टर जालिंदरला म्हणाल्या. "आणि जायच्या आधी निदान प्रश्न तरी पूर्ण करू."

आता बंडी नाही म्हटल्यावर प्रश्न जालिंदरलाच लिहावे लागणार. हेमलतानं नाइलाजानं तळहात उघडला. तो एकेक लिहीत गेला, ती तुटक उत्तरं देत गेली. शेवटी त्या प्रश्नाशी तो आला आणि अडला. आपण घराच्या उपयोगी पडतो असं वाटतं का? निम्मं लिहून त्यानं बोट उचललं.

"लिहा की," हेमलता म्हणाली. "आणि उत्तरही तुम्हीच द्या. तुम्हाला ठाऊक आहे."

जालिंदरच्या डोळ्यांत पाणी आलं. ते तिला दिसायची सोय नव्हती, पण त्याचा हात घामेजला, ते तिला कळलं.

तेवढ्यात तिची हनुवटी कुणीतरी धरली. आत्याबाई! आणि पाठोपाठ त्यांनी बंडीच तिच्या मांडीवर आणून टाकली. एवढ्यावर न थांबता त्यांनी तिचा एक हात धरून बाहीच्या भोकात खुपसायला सुरुवात केली, लहान पोराला कपडे चढवावेत तसा.

"अहो आत्याबाई, हे काय!"

पण सासूपुढं कुणाचं चाललंय? बंडी अंगात बसली आणि पाठीवर शब्दांचा नुसता सडा पडला.

"ऐकायलीस का? आता गप बस आन मला बोलू दे. बारा वरसं तू माझ्या शेजारी बसून जेवलीस. मला अक्षरवळख न्हाई, तुझ्याशी एक शब्द बोलता आला न्हाई. जे काय असंल ते ह्याला सांगायचं, मग हा तुझ्या हातावर लिहिणार. त्यातलं निम्मं गाळणार."

"आई, मी कधी..."

"गाळायचास! मी हिच्या भाजीला नावं ठेवली की तू लिहायचास, आई म्हणते झकास झालीय. मला काय कळत न्हाई व्हय?" आत्याबाईंनी दम घेतला. "हेमा, सरळ सांगते. तुला रंग कळत न्हाई. डोळं गेल्यापासनं एक दिवस कळला न्हाई."

हेमलता त्यांच्याकडे वळली. "मग सांगितलं का नाही?"

"कसं सांगू? हनुवटीवर लिहू?"

डॉक्टरांनी तोंडावर रुमाल धरला.

"आन खरं सांगू का?" आत्याबाईंचा आवाज खाली आला, तसे शब्दही पाठीवर हळू पडायला लागले. "सांगावं असं माझ्याबी मनात नव्हतं. लगीन झाल्यावर लेक आईपाशी बसतो व्हय? तुझ्या पाट्यांमुळं हा रोज दुपारचा माझ्यापुढं येऊन बसला. तू झोपायचीस, आमी दोघं निवडायचो. ह्याचा बाप गेला, ते दुःख ह्यानं तिथं काढलं. ईश्वरीला लांब पाठवू का नको, ते तिथं ठरलं. तू चुका केल्यास म्हणून मला माझा लेक मिळाला. आता तू पाटीपुढं बसत न्हाईस. हाबी शेडात येत न्हाई. मी एकटीच बसते तिथं." त्यांना हुंदका आला आणि त्याच्यासाठी बंडीत जागा ठरलेली नसल्यामुळं हेमलताच्या सगळ्या पाठीवर एकदम शहारा उठला.

हेमलतानं चाचपडत त्यांचा हात शोधला आणि धरला. राग गेला नव्हता, पण त्याच्यात काहीतरी पातळ व्हायला लागलं होतं.

"म्हणजे माझं काहीच खरं नव्हतं?" तिनं विचारलं. "सगळं तुम्हीच करत होता?"

"कोण म्हणतं?" आत्याबाई उसळल्या. "काडी! तुझ्या पाटीत कधी काडी सापडली न्हाई. यंत्राच्या मालात सापडती, माझ्या हातच्या मालात सापडती, तुझ्यात न्हाई. आमी फक्त रंगाचं बघायचो, काडीचं बघावं लागलंच न्हाई. व्हय का न्हाई रं?"

"होय," जालिंदर म्हणाला, अडखळत. "गिऱ्हाईक रंगाचं कधी बोलत नाही, हेमा. काडी नसते म्हणूनच परत येतं."

हे मात्र हेमलताला कुणी सांगितलं नव्हतं. रंगाचं खोटं सांभाळता सांभाळता काडीचं खरं सांगायचं राहूनच गेलं होतं. ती एकदम हसायला लागली, तिच्या त्या गल्लीभर जाणाऱ्या आवाजात. आत्याबाईही डोळे पुसत हसल्या. जालिंदरला हसावं की नको ते कळेना.

डॉक्टर गौतमी पुढं सरकल्या. "हेमाताई, एक सुचवू? पुढच्या बंडीला रंग ओळखणारा कॅमेरा लावता येईल. मग तुम्ही खरंच रंग निवडू शकाल."

"अजिबात नको," हेमलता म्हणाली. "रंग आत्याबाईंचा. त्यांचं काम त्यांच्याकडून काढून घेऊ नका. मी काड्या काढते, त्या रंग बघतील, आणि हे मध्ये बसून दोघींची बोलणी खातील. मला झोपवून काही करायचं नाही. माझ्याबद्दल जे बोलायचं, ते माझ्या पाठीवर बोला."

"मग बंडी?"

"राहू दे. आत्याबाईंना माझ्याशी बोलायला लागते ना."

डॉक्टरांनी पुन्हा प्रश्नावली उघडली. "तो एक प्रश्न राहिलाय. घराच्या उपयोगी पडता असं वाटतं का?"

हेमलतानं नीट विचार केला. "पाच लिहा."

"पाच? मागच्या वेळी तुम्ही दहा दिले होते. आमच्या लोकांना वाटेल, बंडीनं तुमचं आयुष्य बिघडवलं."

"वाटू दे. ते दहा ह्या दोघांनी मला दिलेले होते. हे पाच माझे आहेत."

डॉक्टरांनी पाच लिहिले आणि त्या बराच वेळ खाली काहीतरी टिपण करत बसल्या.

महिनाभरात डबे नवे आले. फोटो तोच, खालचे शब्द बदलले. जालिंदरनं छापलं, 'काडी दाखवा, डबा फुकट घेऊन जा.' आत्याबाईंनी त्याला वेड्यात काढलं, पण अजून तरी कुणाला फुकट डबा गेलेला नाही. दुपारी तिघं पाट्या घेऊन बसतात. सासूबाई सुनेच्या भाजीला नावं ठेवतात, थेट. सून उलट उत्तर देते, तेही थेट.

आणि नवे डबे आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळची गोष्ट. हेमलतानं साडी नेसली, पदर सारखा केला. बंडी अजून खुंटीवरच होती. जालिंदरनं मनगटावर अंगठा टेकवला, तसा तिनं हात पुढं केला, तळवा उघडा.

"अहो, ब्लाउज जुळतंय ना?"

जालिंदरचं बोट तळहातावर टेकलं आणि सवयीनं 'ह' काढून गेलं. मग थांबलं. त्यानं ते अक्षर हातानं पुसून टाकलं, पाटी पुसावी तसं, आणि सावकाश, घाबरत घाबरत लिहिलं.

"नाही."

हेमलतानं मूठ मिटली आणि तो शब्द क्षणभर आत धरून ठेवला. मग ती हसत हसत, भिंतीला हात लावत, ब्लाउज बदलायला आत गेली.